झाकण लावण्याआधी

सोमवार, ३ मार्च

चि. चिंगे,

त्रेसष्ट वर्षांच्या बाईला चिरंजीव लिहिताना हात अडखळला, पण पत्राच्या वरच्या ओळीत तुझं वय मी कधीच वाढू दिलं नाही. आशीर्वादही लिहिणार होतो. अकरा वर्षं न बोललेल्या भावाचे आशीर्वाद तू परत टपालात टाकशील, म्हणून ते पाकिटाबाहेर ठेवतो. लागले तर उचल.

नातीसाठी पाठवलेला तुझा स्वेटर मिळाला. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर लोकरीचा स्वेटर पाठवणारी या जगात तू एकटीच. आत चिठ्ठी असेल म्हणून मी खोकं उलटं करून झटकलं, तर सूनबाई म्हणाली, “बाबा, आत्यांनी लिहायचं ते विणलंय. आता उत्तर तुमच्याकडून.” मी म्हटलं, मला विणता येत नाही. तिने पेन आणून समोर ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती थोडी तुझ्यासारखीच आहे. बोलून मोकळी होते आणि आपण बसतो त्या वाक्याचं काय करायचं ते शोधत.

नातीला घरात सगळे ढमी म्हणतात, आणि ती आहेही तशीच. मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या. पुढच्या आठवड्यात बुधवारी, बारा तारखेला, तिचा न्यूमोनियाच्या लसीचा तिसरा डोस आहे. दीड महिन्याला पहिला झाला, साडेतीन महिन्यांना दुसरा, आता नऊ महिन्यांचा हा शेवटचा. मीच घेऊन जाणार आहे. नंबर पहिला लावायचा असं ठरवलं आहे. पहिला नंबर शाळेत कधी आला नाही, निदान नातीच्या निमित्ताने येईल.

मी अजून रोज सकाळी आपल्या आरोग्य केंद्रावर जातो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण पाय आपोआप तिकडे वळतात. लसीच्या खोलीबाहेरच्या बाकावर पेपर वाचतो. आतले दोन फ्रीज अजून तेच आहेत. मोठा मास्तरांसारखा चाल लावतो आणि धाकटा अर्धी मात्रा उशिरा मागून म्हणतो. आपण दोघं तिसरीच्या वर्गात पावसाची कविता अशीच म्हणायचो, आठवतं? म्हणजे तिसरीत मी होतो. तू बालवर्गातून पळून येऊन माझ्या बाकाखाली बसायचीस.

स्टोअर आता चष्मेवालीकडे आहे. माझ्याच हाताखाली शिकलेली. चष्मा कपाळावर चढवते आणि मग तो टेबलाखाली शोधते. सध्या वीज फार जाते. परवा बिचारी काळजीत होती, लसीचा डबा रस्त्यात गरम झाला तर काय करू म्हणून विचारत होती. मी सांगितलं, बाई, थंडी कमी पडण्यापेक्षा जास्त पडलेली बरी. आइसपॅक चांगले दगडासारखे असू देत. तिने मान डोलावली. माझ्या शब्दाला तिथे अजून किंमत आहे, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

त्या जुन्या डब्याबद्दल मी काही लिहिणार नाही. लस नवी होती, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तू साठ आयांसमोर माझा डबा उघडलास, लस गोठली म्हणालीस, सगळ्यांना परत पाठवलंस आणि वर लेखी कळवलंस. माझी उचलबांगडी रेकॉर्डच्या खोलीत झाली, शेवटची तीन वर्षं कागदाची धूळ खाल्ली. बहिणीने भावाविरुद्ध लिहून द्यावं, असं कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

असो. स्वेटर छान आहे. गळा थोडा घट्ट आहे.

तुझा,
दादा

शनिवार, ८ मार्च

चिंगे,

उत्तर आलं नाही. टपाल पोचायला वेळ लागतो, हे मी स्वतःला सांगतो. सूनबाईला सांगितलं तर ती नुसतीच बघते.

ढमीला सर्दी झाली आहे. विशेष काही नाही, नाक वाहतंय आणि हसतेय. पण काल दुपारी ती झोपली तेव्हा मी खुर्ची पाळण्याजवळ ओढली, घड्याळ हातात धरलं आणि तिच्या छातीकडे बघत एक मिनिट श्वास मोजले. अडतीस. पन्नासाच्या आत आहे म्हणजे चिंता नाही, हे तूच मला शिकवलंस. तरी पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा. सूनबाई दारात उभी होती, म्हणाली, बाबा, तिला झोपू द्या, तिला परीक्षेला बसायचं नाही.

मला बारक्या आठवत होता. आपला धाकटा. तू पाच वर्षांची होतीस, तुला किती आठवतं ते माहीत नाही. मला त्याच्या बरगड्यांखालचा खड्डा आठवतो. श्वास घेतला की तिथे कातडी आत ओढली जायची, आपण ओल्या मातीत अंगठा दाबावा तशी. वडील त्याला चादरीत गुंडाळून घेऊन गेले आणि परत येताना ती चादर घडी घालून हातावर होती. घडी इतकी नीट होती की मला वाटलं, बारक्या बरा होऊन तिथेच राहिला. त्या वेळी ही लस कुठे होती? कुठेच नव्हती. पण तू सिस्टर झालीस आणि मी स्टोअरात चिकटलो ते त्या चादरीमुळे, हे आपण दोघं जाणून होतो. कधी बोललो नाही, एवढंच.

आणि मग आपलं ते रोजचं. मी आइसपॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडायचो आणि त्यांना घाम फुटेपर्यंत कविता म्हणायचो. बरोबर तीन कवितांचा वेळ. मग तू यायचीस, एक पॅक उचलून माझ्या कानाशी हलवायचीस आणि विचारायचीस, “दादा, खळखळलं का?” आत पाणी वाजलं की मी मान हलवायचो. मगच झाकण. तुझी ही शिस्त तेव्हा कागदावर कुठेही नव्हती.

इथे एक दुरुस्ती करतो. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला कुणी सांगितलं नव्हतं. तसं अगदीच नाही. कागद आला होता. बारीक अक्षरातला. पोलिओची लस गोठली तरी चालते, ही नवी लस गोठली की मेली, असं काहीतरी त्यात होतं. मी वाचला असेनही. इतके कागद येतात.

आणि शिंप्याच्या मुलीचं जे झालं, त्याबद्दल मी तुला जे बोललो, ते रागात बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला. माणूस रागात बोलतो. त्याचं इतकं मनाला लावून घेऊन बदली मागायची म्हणजे तुझंही थोडं चुकलंच.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

दादा

बुधवार, १२ मार्च, दुपार

चिंगे,

आज घाईत लिहितो आहे, अक्षर लावून वाच.

सकाळी साडेआठला मी ढमीला घेऊन रांगेत पहिला. मागे सत्तावन्नपर्यंत चिठ्ठ्या गेल्या होत्या. हॉल तुला माहीत आहे, अर्ध्यापर्यंत हिरवा रंग, वर पांढरा, आणि पंखा असा की वारा कमी, आवाज जास्त. नव्या सिस्टरने डबा उघडला, बाटली काढली, आणि बोटं झटकून म्हणाली, “बापरे, फारच गार आहे. जरा हातात धरते.” आणि बाटली मुठीत घेऊन ती चोळायला लागली.

चिंगे, एवढं एकच वाक्य. बाकी सगळे आपापल्या पोरांच्या नाकाकडे बघत होते. ते वाक्य ऐकू आलेला त्या हॉलमध्ये मी एकटा.

मी म्हटलं, दाखवा बघू. तिने मूठ उघडली. काचेच्या आत एक पातळ पापुद्रा, खिडकीच्या काचेवर श्वास गोठावा तसा. बाटली तिरकी केली तर तो कडेला चिकटून राहिला.

तुला खोटं सांगत नाही, आता सांगून उपयोगही नाही. मी लगेच थांबवलं नाही. ढमी माझ्या शर्टाचं बटण चोखत होती. मनात आलं, बर्फ वितळेल, कुणाला कळणार आहे? सुई टोचली जाईल, कार्डावर शिक्का पडेल, पोर रडेल, आई पदराने डोळे पुसेल, सगळं अगदी खऱ्यासारखं होईल. फक्त आत काही नसेल. सत्तावन्न पोरं ढाल घेऊन घरी जातील आणि ती ढाल कागदाची असेल. आणि त्यांच्यात पहिली माझी.

मी म्हटलं, “थांबा. ही लस कुणाला द्यायची नाही.”

सगळा हॉल माझ्याकडे वळला. एक आजी म्हणाली, म्हाताऱ्याला सकाळचा चहा मिळाला नाही वाटतं. लोक हसले. चष्मेवाली आतून धावत आली. मी विचारलं, आइसपॅकला घाम फुटला होता का? तिचा चेहरा उतरला. वीज गेली होती, ती घाबरली होती, थेट फ्रीजरमधून काढून भरले होते. मग ती हळूच म्हणाली, “दादा, तुम्हीच तर सांगितलंत. थंडी जास्त पडलेली बरी. आणि तुम्ही नेहमी म्हणता ना, त्या वेळी सिस्टरने उगाच बाऊ केला, म्हणून मला वाटलं तो नियम तसाच आहे, कागदावरचा.”

आठ वर्षं मी त्या बाकावर बसून पेपर वाचत नव्हतो, चिंगे. मी त्या बाईला चूक शिकवत होतो. माझी बाजू सांगता सांगता.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण आहेत, पण घाई नाही. म्हणाल्या, बाकीच्या बाटल्या कशावरून गोठल्या? मी म्हटलं, तपासू. गोठलेली बाटली हातात वितळू दिली, ती आपला साक्षीदार. डब्याच्या मधून एक काढली, ती आरोपी. दोन्ही सारख्या हलवल्या. दोन्ही दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. शेजारी शेजारी टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांना सांगितलं, अर्धा तास कुणी टेबलाला धक्का द्यायचा नाही. हेच तू त्या दिवशी केलं होतंस. त्या दिवशी मी टेबलाला पाठ करून उभा होतो.

आज बघितलं. साक्षीदारात आधी कणी धरली, नासलेल्या दुधासारखी. मग वरचं पाणी स्वच्छ व्हायला लागलं. पंधरा मिनिटांत सगळा गाळ तळाला. आणि आरोपी तिच्या मागोमाग, एकाच चालीत, जशी एका वर्गातली पोरं. डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. मागे आयांची अशी गर्दी, जणू तिथे कुणी जादूगार बसला आहे. आता कुणी हसत नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळा डबा बाद. नवी लस वरून मागवते, शनिवारी मिळेल. मग चष्मेवालीकडे वळल्या, आणि तिने चष्मा काढून हातात घेतला. पहिल्यांदाच तो तिला सापडला होता.

तेव्हा मी बोललो. डॉक्टरीणबाईंशी बोलत होतो, पण आवाज मोठा झाला असावा, कारण दारात शिंपी उभा असलेला दिसला. त्याचं दुकान गेटसमोर आहे, गोंधळ ऐकून आला होता, गळ्यात टेप तशीच. मी म्हटलं, “हिची चूक नाही. अकरा वर्षांपूर्वीचा डबाही असाच मी भरला होता. कागद मी वाचला होता. सहीसुद्धा केली होती. त्या दिवशी जीप आधीच येऊन हॉर्न वाजवत होती, माझी एकच कविता म्हणून झाली होती, आणि मी दगडासारखे पॅक घालून झाकण लावलं. सिस्टरचं काही चुकलं नव्हतं. तिने साठ पोरांना खोट्या लशीपासून वाचवलं.”

हॉलमधल्या निम्म्या बायकांना तू कोण हे माहीतही नाही. त्यांना त्याचं काय? पण शिंप्याला माहीत होतं. तो आत आला. आता जे लिहितो ते मी तुझ्यापासूनही लपवलं होतं.

त्याची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची. तू परत पाठवलेल्या साठांमध्ये ती होती. दुसऱ्या दिवसापासून तू घरोघर फिरून सगळ्यांना नव्या तारखेला बोलावत होतीस. आणि मी, फुगून, त्याच्या दुकानात बसलो होतो. त्याने विचारलं, दादा, न्यायची का पोरीला? मी म्हटलं, कशाला, यांना स्वतःलाच कळत नाही कुठली लस चांगली. बस, एवढंच. साठांतले एकेचाळीस परत आले. तो आला नाही. सहा महिन्यांनी मुलीच्या मेंदूत ताप गेला, ही लस जो अडवते तोच. ती वाचली, पण एका कानाने ऐकू येणं गेलं. आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, तू परत पाठवलंस म्हणून झालं हे.

तू माझ्याकडे बघितलंस. तेव्हा तुला माहीत नव्हतं की त्याला घरी कुणी बसवलं. तू बॅग उचललीस.

आज मी त्याला म्हटलं, त्या दिवशी दुकानात मी तुम्हाला जे बोललो...

त्याने पुढे बोलू दिलं नाही. म्हणाला, “मला आठवतंय तुम्ही काय बोललात. अकरा वर्षं तुमच्या पँटी शिवतोय. प्रत्येक वेळी माप घेताना वाटायचं, आज यांना आठवेल.”

मी खाली बघितलं. ढमीने बटण तोडलं होतं. त्याने तिच्या तोंडातून ते बोटाने काढलं, पुसलं, खिशात टाकलं. मग गेला आणि त्याच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. त्याने आता माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. पण तो परत आला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाला, या सत्तावन्न जणांचे पत्ते द्या. एकदा परत गेलेली माणसं आपोआप येत नाहीत. मला ठाऊक आहे, मी त्यातलाच आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “चला दादा. बटण नंतर लावतो.”

आता निघायचं आहे. तो खाली उभा आहे.

दादा

रविवार, १६ मार्च

चिंगे, माझे चिंगे,

आधी आकडा लिहितो. बासष्ट.

सत्तावन्नच्या सत्तावन्न आले. वर पाच जादा, ज्यांची कुठल्याच यादीत नावं नव्हती. त्यातलं एक बाळ मागच्या गल्लीत शिंप्याला दोरीवर वाळणाऱ्या लंगोटांवरून सापडलं. म्हणाला, दादा, या मापाचं गिऱ्हाईक आपल्या कागदावर नाही. शिंप्याची नजर.

दोन दिवस आम्ही जिने चढत होतो. मी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचेपर्यंत त्याचं अर्धं बोलून झालेलं असायचं. कुणी म्हणायचं, एकदा काम बुडवून आलो होतो, पुन्हा कशाला? कुणी म्हणायचं, लस खराब निघाली म्हणजे पुढचीही खराब नसेल कशावरून? मी सांगायचो, खराब निघाली म्हणून कळलं, आणि कळलं म्हणून थांबवली. जी माणसं साठ जणांसमोर डबा बाद करतात, त्यांच्याच हातून टोचून घ्यावं. हे तुझ्याबद्दलचं वाक्य आहे. अकरा वर्षं उशिरा, पण अठ्ठावीस दारांत म्हटलं. त्या चहावरून मला चिडवणाऱ्या आजींच्या दारातही. त्या म्हणाल्या, येते, पण आज चहा पिऊन या.

एका घरात शिंप्याने काहीच समजावलं नाही. नुसतं म्हणाला, माझी मुलगी उजव्या बाजूने हाक मारली की वळत नाही. त्या घरातला बाप चप्पल घालून आमच्याबरोबर खाली आला आणि पुढच्या तीन घरांचे पत्ते त्यानेच दाखवले.

शनिवारी सकाळी सहा वाजता मी चष्मेवालीच्या आधी लसीच्या खोलीत होतो. नवी लस आली होती. डॉक्टरीणबाईंनी मला आत जाऊ दिलं, पण आधी जबाब लिहून घेतला, माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने. शेवटी त्यांनी विचारलं, अजून काही? मी म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी सिस्टरने जे लेखी दिलं ते खरं होतं, असंही लिहायचं आहे. त्यांनी दुसरा कागद दिला.

आम्ही आइसपॅक टेबलावर मांडले. दगडच होते, पांढरे, धूर सोडणारे. चष्मेवाली घड्याळाकडे बघत होती. मी म्हटलं, घड्याळ नको, कविता म्हणू. तिला एकही येत नव्हती. आता शाळेत पाठ करून घेत नाहीत म्हणे. मग मी म्हटल्या, तिन्ही, चालीसकट, मास्तरांसारखं बोट हलवत. पहिली संपली तेव्हा पॅक कोरडे होते. दुसरीत कडेला दव आलं. वस्त्यांवरचे डबे न्यायला जीप आली, हॉर्न वाजला. चष्मेवाली उठायला लागली. मी हात धरून बसवलं. तिसरी कविता मी मुद्दाम सावकाश म्हटली. हॉर्न पुन्हा वाजला. वाजू दे म्हटलं, त्याला यमक नाही.

तिसरीच्या शेवटच्या कडव्याला पॅकला घाम फुटला. थेंब ओघळून टेबलावर आला आणि तिथून माझ्या पायावर.

शिंपी दारात होता. त्याने एक पॅक उचलला आणि म्हणाला, “मला ऐकू द्या.” कानाशी धरून हलवला. किती तरी वेळ धरून होता. मग म्हणाला, “वाजतंय.” आणि तोंड फिरवून बाहेर गेला. बाहेर त्याने काय केलं ते मी विचारलं नाही.

ढमीचा नंबर पहिला. सिस्टरने बाटली हलवली, सारखी पांढरी, कणी नाही, पापुद्रा नाही. ढमी ओरडली ती अशी, की मोठ्या फ्रीजने सूर सोडला असेल. मग तिने सिस्टरचं पेन हिसकावलं आणि रडायचं विसरून गेली. त्यानंतर दुपारपर्यंत नुसता रडण्याचा गजर. बासष्ट आवाज, बासष्ट चाली. चिंगे, मी आयुष्यभर कविता ऐकत आलो, पण असं समूहगान ऐकलं नव्हतं. कुठल्याही मास्तराने त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.

मी हॉलच्या कोपऱ्यात बाकावर बसलो होतो. एकेक आई मांडी दाबून धरलेलं पोर घेऊन बाहेर पडत होती आणि मी मनात म्हणत होतो, याच्या बरगड्यांखाली खड्डा नको, हिच्या नको, याच्या नको. बासष्ट वेळा म्हटलं. बारक्यासाठी त्रेसष्टाव्यांदा.

चष्मेवालीला फक्त पुन्हा शिकून यायला सांगितलं आहे. नोकरी शाबूत. आणि तिच्या आग्रहाखातर मी लसीच्या खोलीच्या दारावर दोन ओळी लिहून चिकटवल्या आहेत. तू हसशील. यमक जुळलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं, असं तूच म्हणायचीस.

घाई नको, घाई नको, बर्फाला घाम फुटू दे,
कानापाशी हलव जरा, पाणी आतलं बोलू दे.

दुसरी ओळ माझी नाही. ती तुझी आहे, मी फक्त वजनात बसवली. खाली नाव लिहिलं नाही, पण केंद्रावर सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं.

शर्टाचं बटण शिंप्याने लावून दिलं. बाकीच्या बटणांशी जुळत नाही. मी तसंच ठेवणार आहे.

माफ कर, असं लिहायला घेतलं होतं, पण ते या पानावर फार लहान दिसत होतं. म्हणून बासष्ट लिहिलं.

तुझा,
दादा

गुरुवार, २७ मार्च

चिंगे,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी जिन्यातच बसलो. सूनबाईला वाटलं चक्कर आली. तिने पाणी आणलं, मग कार्ड माझ्या हातून घेतलं, उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं, आणि म्हणाली, “आत्यांनी एवढंच लिहिलंय? अकरा वर्षांनी?”

मी म्हटलं, एवढं पुष्कळ आहे.

तिला ती ओळ कशी कळणार? तीन शब्द, तेही प्रश्न. मी ते कार्ड ढमीच्या पाळण्याच्या वरच्या खिळ्याला लावलं. तिने हात वर करून ते ओढलं, एक कोपरा चावला. आता त्या कोपऱ्यावर तिचे दोन दात उमटले आहेत. तुझा स्वेटर तिला बरोबर बसतो. गळा घट्ट आहे असं मी लिहिलं होतं, ते खोटं. उगाच काहीतरी काढायचं म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसं.

शिंप्याला कार्ड दाखवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, सिस्टर आल्या तर सांगा, मुलीला त्यांना भेटायचं आहे. मी विचारलं, ती काय बोलणार आहे? तो म्हणाला, तिलाच माहीत, मला सांगत नाही. फक्त त्यांना डाव्या बाजूला बसवा म्हणते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नीट, पूर्ण वाक्यात, जसं मास्तर मागायचे.

होय, चिंगे, खळखळलं.

पुढचा डबा येत्या बुधवारी, दोन तारखेला, भरायचा आहे. चाळीस पोरं आहेत. आइसपॅक मी साडेसहाला टेबलावर मांडीन, तीन कविता म्हणीन, आणि मग जीपवाल्याने कितीही हॉर्न वाजवले तरी तुझी वाट बघीन. तुझ्या गावाकडची गाडी सकाळी सात वाजता पोचते, हे मी स्टेशनात जाऊन विचारून आलो.

झाकण लावणार नाही.

दादा